बारावा मणी

गेल्या वर्षी डोंगरात भटकायला गेलो असताना, ओढ्याकाठी बसलेल्या एका अनोळखी माणसाकडून मी त्याची हिरवी प्लास्टिकची ताटली पाच मिनिटांसाठी मागून घेतली. घ्यायला नको होती. पाण्यात गोल फिरवत, वरची रेती थोडी थोडी सांडत गेल्यावर तळाशी काळ्या रेतीची एक बारीक शेपटी उरली, आणि त्या शेपटीच्या टोकाला एक पिवळा कण. मोहरीच्या दाण्यापुढेही त्यानं अंग चोरलं असतं. ताटलीवाल्यानं वाकून पाहिलं, "हं, आहे," म्हणाला, आणि ताटली काढून घेतली. कण त्याच्याकडे गेला, वेड माझ्याकडे राहिलं.

पुढच्याच महिन्यात माझी स्वतःची ताटली आली. ताटलीनं सोनं मिळतं हे खरं, पण त्याआधी कंबरदुखी मिळते. बर्फासारख्या पाण्यात उकिडवं बसून एक बादली वाळू धुवायला मला अख्खी सकाळ लागायची. तीन कण मिळाले की दिवस सोन्याचा. माझ्या मुलीनं एकदा कागद-पेन्सिल घेतली. "बाबा, तुझा कण अर्धा मिलिमीटर लांब, अर्धा रुंद आणि त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा जाड धरू. सोन्याची घनता १९.३. म्हणजे एक कण साधारण अर्ध्या मिलिग्रॅमचा. एका ग्रॅमला दोन हजार कण. तू रोज तीन काढतोस." थोडं थांबून ती म्हणाली, "एका ग्रॅमला ६६७ दिवस. रविवार धरून."

तेव्हा ठरलं की आता स्लूस घ्यायचा.

स्लूस म्हणजे काय, तर पन्हळ. दोन्ही तोंडं उघडी असलेली, तळाला आडव्या पट्ट्या मारलेली पन्हळ. वाहत्या पाण्यात ठेवायची, वरून वाळू सोडायची. गारगोटीची वाळू घनतेला २.६५, ती वाहून जाते. सोनं तिच्या सातपट जड, ते पट्टीमागच्या भोवऱ्यात खाली बसतं. झालं. एवढ्या साध्या वस्तूची निवड करायला मला पाच महिने लागले.

पहिला घोळ लांबीचा. सव्वा मीटरचा स्लूस भरपूर वाळू खातो, पण तो पाठीला बांधून अरुंद पायवाटेनं चालताना प्रत्येक झाडाशी ओळख होते. घडी घालून पिशवीत मावणारा छोटा स्लूस चालताना सुखाचा, पण त्याच्यावरून बारीक सोनं खाली बसायच्या आतच पुढे निघून जाईल ही धास्ती. मग धातू की प्लास्टिक? अॅल्युमिनियम टिकतं, पण दगडाला लागलं की सारा डोंगर जागा होतो. प्लास्टिक पिसासारखं हलकं, त्यामुळे प्रवाहात ठेवलं की तरंगून घरी निघतं. ते जागेवर राहावं म्हणून त्याच्यावर दगड ठेवावे लागतात. म्हणजे एक किलो वाचवण्यासाठी मी आठवडे घालवायचे, आणि तिथे पोचल्यावर त्या हलक्या वस्तूवर दहा किलोचे धोंडे रचायचे.

पण खरी यादवी तळाशी आहे. या छंदात दोन पंथ आहेत. एक रिफलवाल्यांचा. रिफल म्हणजे त्या आडव्या पट्ट्या, पुढे झुकलेल्या, आणि त्यांच्याखाली लोखंडी जाळी, त्याच्याखाली गुंतवळासारख्या धाग्यांची जाड चटई. दुसरा पंथ रबरी चटईवाल्यांचा. यांच्याकडे पट्ट्या-बिट्ट्या काही नाही, रबरातच खाचा आणि खळगे पाडलेले. पहिल्या पंथाला वाटतं की दुसऱ्यांचं सोनं वाहून जातं. दुसऱ्यांना वाटतं की पहिल्यांचं सोनं चटईतच अडकून राहतं, कारण ती गुंतवळ धुता धुता माणूस म्हातारा होतो. दोघंही आपलं म्हणणं इतक्या तळमळीनं मांडतात की ऐकताना त्या त्या वेळी तोच खरा वाटतो. मी पाच महिन्यांत चार वेळा धर्म बदलला.

गुंतवळवाल्यांच्या बाजूनं जुना पुरावा मात्र भक्कम आहे. कॉकेशस पर्वतातले लोक ओढ्यात मेंढीची लोकरीची कातडी अंथरून सोनं धरतात, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेला आहे. त्या लोकांनी कातडं निवडताना पाच महिने घालवले असतील असं वाटत नाही. मेंढी होती, ओढा होता, लागले कामाला. आणि जेम्स मार्शलनं तर निवडच केली नव्हती. २४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियात लाकूड कापायच्या गिरणीचा पाट तपासायला तो सकाळी गेला. रात्रभर त्या पाटातून पाणी सोडून माती वाहून जाऊ दिलेली होती, आणि तळाशी सोनं चमकत होतं. म्हणजे नकळत बांधलेला एक भलामोठा स्लूसच तो. त्यातून सारं जग सोन्यामागे धावलं. मार्शल स्वतः गरिबीत मेला, हे मी मुलीला सांगितलं नाही.

माझ्या ओळखीत या विषयातले जाणकार एकच, अण्णा. तीस वर्षं ओढ्यांतून वाकून वाकून त्यांची पाठच आता स्लूसच्या उतारावर स्थिरावली आहे. त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर एकच.

"अण्णा, लांब घेऊ की आखूड?"

"ते पाण्यावर आहे."

"रिफल की रबर?"

"ते पाण्यावर आहे."

"वाळू किती बारीक चाळून घालावी?"

"ते," अण्णांनी चष्मा पुसला, "चाळणीवर आहे."

शेवटी कंटाळून तेच म्हणाले, "अरे, स्वतः बघ ना. माझा जुना स्लूस ने. गळाला लावायचे शिशाचे मणी आण, त्यांचे बारीक तुकडे कर, ठोकून चपटे कर, रंगव, मोजून वाळूत घाल आणि धू. किती परत मिळतात ते बघ. शिसं ११.३, सोनं १९.३. शिसं थांबलं तर सोनं थांबणारच. पण हे घरीच कर हं, ओढ्यात शिसं टाकायचं नाही."

अण्णांचा स्लूस रिफल आणि गुंतवळीचा, ठिकठिकाणी पोचे आलेला. रबरी चटईचा घडीचा एक दुसऱ्या मित्राकडून आणला. मण्यांचे बारा तुकडे केले. रंगवायला घरात खिडकीचा उरलेला पिवळा रंग होता.

"नारिंगी घे ना बाबा," मुलगी म्हणाली. "नाहीतर गुलाबी. पिवळा कशाला?"

"खऱ्यासारखं वाटायला नको?" मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे फार महागात पडणार होतं.

नळाच्या पाइपानं प्रयोग सुरू केला तेव्हा कळलं की फूटभर रुंद स्लूसला पाइपाचं पाणी म्हणजे हत्तीला शिंक. रिफलच्या वरून दोन-तीन इंच पाणी धावायला हवं. माझ्याकडे पाणी पट्टीला वळसा घालून गुपचूप जात होतं. मग पिंप भरून मुलीनं बादल्या ओतायच्या आणि मी पळीनं वाळू सोडायची अशी व्यवस्था झाली. ती दमली की दुष्काळ, तिला उत्साह आला की महापूर. तीन तास हे चाललं. निकाल: रबरी चटई, बारापैकी बारा. अण्णांचा स्लूस, बारापैकी अकरा. चटई दोनदा खळबळून धुतली, बादली उलटीपालटी केली, चाळली. बारावा नाही.

"वाहून गेला," मी वहीत लिहिलं, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे पुरावा होता. अण्णांचा स्लूस मी परत केला तेव्हा, आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात बोललो. निकाल सांगितला नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा? रबरी चटईचा, घडीचा, हलका स्लूस घेतला.

मग परवानगीचं पाहिलं. हे आधी पाहायचं असतं. कुठे नुसती ताटली चालते, स्लूस नाही. कुठे माशांच्या विणीच्या काळात ओढ्यात पाऊलही टाकायचं नाही. माझं नशीब, आमच्या ओढ्यावर दोन्ही चालत होतं.

ओढ्यावर गेल्यावर पहिले दोन तास उतारात गेले. फुटामागे इंचभर उतार हवा, हे मला तोंडपाठ होतं. ओढ्याला माहीत नव्हतं. जिथे उतार होता तिथे पाणी घोट्याएवढंही नव्हतं; जिथे पाणी होतं तिथे ते सपाट पडून ढगांकडे बघत होतं. मी स्लूसखाली दगड घालत, काढत, धोंडे वर रचत, पुन्हा काढत होतो. अण्णा पलीकडे, वळणाच्या आतल्या बाजूला, एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला आपला पोचे आलेला डबा ठेवून केव्हाच वाळू सोडायला लागले होते. मध्येच उठून आले, माझ्या स्लूसवर वाकले.

"रेती बघ. खाचेमागची रेती नाचायला हवी. झोपली असेल तर उतार कमी, पळत असेल तर जास्त. तुझी झोपलीये." त्यांनी पायानं एक दगड सरकवला. रेती उठून नाचायला लागली. पाच महिन्यांत मी लांबी, धातू, रबर, जाळी, सगळं तोललं होतं. दगड सरकवायचा मुद्दा माझ्या वहीत कुठेच नव्हता.

दुपारी धुवून पाहिलं. रबर एका पाण्यात स्वच्छ झालं, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. काळी रेती ताटलीत घेतली, चुंबक फिरवून त्यातली लोखंडी काढली, आणि तळाशी दोन कण. अस्सल. सावलीतही तितकेच पिवळे. म्हणजे एक मिलिग्रॅम, मुलीच्या हिशेबानं.

तेवढ्यात पलीकडून अण्णांची हाक आली. हाक कसली, आरोळी. तीस वर्षांत त्यांचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नसेल. मी पाण्यातून धडपडत गेलो. त्यांच्या तळहातावर एक चपटा पिवळा खडा. माझ्या दोन कणांना त्याच्यावर बसून जेवता आलं असतं.

"काळ्या रेतीत मागे राहिला बघ, हलेना!" अण्णा म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता, डोळ्यांत पाणी होतं. "सावलीत धर. बघ, पिवळाच. खोटं सोनं असतं तर सावलीत मेलं असतं. आणि सुई टोचली. फुटला नाही, दबला!"

दबणारच. शिसंही दबतं.

मला तो खिडकीचा रंग शंभर खड्यांत ओळखू आला असता. काखेत कळसा म्हणतात तसा बारावा मणी अण्णांच्या गुंतवळीत इतके दिवस मुक्कामाला होता. म्हणजे त्यांच्या स्लूसनं काहीच वाहू दिलं नव्हतं. उलट दोनदा धुऊनही सोडलं नव्हतं. बोलावं की गप्प राहावं? अण्णा खडा उन्हात धरून असे बघत होते की मी गप्प राहायचं ठरवलं. मग त्यांनी चष्मा खाली ओढला आणि कौतुकानं पुन्हा एकदा सुई टेकवली. या वेळी जरा ओढून.

पिवळ्यातून करड्या रंगाची एक रेघ उठली.

बराच वेळ फक्त ओढा बोलत होता.

"किती रंगवले होतेस?" अण्णांनी मान वर न करता विचारलं.

"बारा."

"मिळाले किती होते?"

"अकरा."

अण्णांनी वळून पलीकडे पाहिलं. माझा नवा कोरा, हलका, घडीचा स्लूस धोंड्यांखाली दबून बसला होता. मग त्यांनी माझ्या हातातली कुपी घेतली, बूच काढलं, आणि माझ्या दोन कणांच्या शेजारी तो मणी हळूच सोडला.