चुलीचं खापर बाईच्या माथी

गेले काही महिने एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा. सरकारने निर्धूर चुली वाटल्या, मग उज्ज्वलाचा गॅस दिला, तरी खेड्यातली बाई चूलच फुंकत बसते. तिला चुलीवरच्या भाकरीची चव सोडवत नाही, फुकट मिळालेल्याची किंमत नसते आणि धुराने काय होतं ते तिला कळत नाही. वर एक शास्त्रीय थाटाची पुस्ती: स्वच्छ चुलींनी तब्येत सुधारत नाही हे संशोधनानेच दाखवलंय, मग पैसा कशाला घालवायचा?

लिहिणाऱ्याने चुलीपुढे कधी तासभर काढला नसावा. पुस्तीत मात्र थोडं तथ्य आहे, म्हणून ती शेवटी नीट बघू.

चवीचं आधी उरकतो. 'चुलीवरचं मटण' अशी पाटी दिसली की हायवेवर गाडी थांबवणारे आपणच, तेव्हा या चवीचं वेड कुणाला आहे ते उघड आहे. भाकरी चुलीवर चांगली होते हे खरं. तव्यावर झाली की ती निखाऱ्यापुढे उभी करून शेकता येते, आणि तेवढ्या वेळात वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या भोकावर, कालवण रटरटत राहतं. म्हणजे बाई जिला चव म्हणते, त्यात तिच्या कामाचा हिशोबही असतो. शिवाय गॅस आलेल्या पुष्कळ घरांत चूल पेटते ती भाकरीसाठी नाहीच. अंगणातल्या चुल्हाणावर अंघोळीचं पाणी तापतं, जनावरांचं आंबोण शिजतं. सहा माणसांचं पाणी महिनाभर सिलिंडरवर तापवून बघा आणि मग चवीवर बोला.

फुकटाचं काय? उज्ज्वलात सरकार भरायचं ते जोडणीचे 1600 रुपये. सुरुवातीच्या वर्षांत शेगडी आणि पहिला सिलिंडर बहुतेकांनी कर्जावर घेतला, आणि ते कर्ज पुढच्या सबसिडीतून वळतं झालं. त्यानंतरचा प्रत्येक सिलिंडर रोख. 7 सप्टेंबर 2019 ला योजनेतलं आठ कोटीवं कनेक्शन आपल्याच औरंगाबादेत समारंभाने दिलं गेलं. त्याच वर्षी सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने अहवालात मांडलं की या घरांत वर्षाकाठी सरासरी 3.21 सिलिंडर भरले जात होते. एवढ्यात वर्षभराचा सगळा स्वयंपाक होत नाही, हे कुठल्याही घरात विचारा. दुसरीकडे कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या शेतातच पडलेल्या असतात. त्या तोडून, मोळी बांधून, डोक्यावर आणण्यात वेळ जातो तो तिचा, आणि त्याचं बिल कुणी फाडत नाही. सिलिंडरचं बिल मात्र घरातल्या कर्त्याच्या खिशातून जातं, म्हणून ते दिसतं. बांगलादेशातल्या एका अभ्यासात हेच आढळलं: चूल फुकट असेल तेव्हा बायका आरोग्याला बरी असलेली चूल पसंत करत, पण थोडी जरी किंमत लावली की ती पसंती प्रत्यक्ष खरेदीत उतरत नसे. आवड होती, पैशावर हात नव्हता.

आणि खरोखर फुकट दिलं तर काय होतं, तेही तपासून झालंय. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपल्याकडे तमिळनाडू अशा चार ठिकाणी 3,200 गरोदर बायकांवर हॅपिन नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यातल्या साधारण निम्म्यांना शेगडी दिली, आणि सिलिंडर विनामूल्य घरपोच येत राहिला. त्या घरांनी चूल जवळपास सोडूनच दिली. चव तमिळनाडूतही असते.

धुराने काय होतं ते तिला कळत नाही, यावर फार लिहावंसं वाटत नाही. पदराने डोळे पुसत फुंकणी फुंकणाऱ्या बाईला धूर वाईट असतो हे पोस्टरवरून समजायचं? जन्मात विडी न ओढलेल्यांनाही सीओपीडी, म्हणजे धाप लावणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये एका सहलेखकासह 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. सीओपीडी हे नाव तिला ठाऊक नसेल, पण सासूला लागणारी धाप ती रोज ऐकते.

आता निर्धूर चूल. 1983 पासून 2002 पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. यवतमाळकडच्या माझ्या मावशीच्या घरीही एक आली होती: मातीची, दोन भोकांची, मागे सिमेंटचा पाइप. तोंड साच्यातून निघालेलं, अरुंद. तिच्याकडचं जळण म्हणजे पऱ्हाट्या, त्या बारीक मोडून घालायच्या तर एक माणूस मोडायलाच बसवावा लागे. मागच्या भोकावर वरण शिजायला एवढा वेळ लागायचा की तिथे ती नुसतं पाणी ठेवायची. पाइपात काजळी धरली, ती कशी काढायची हे बसवणाऱ्याने सांगितलंच नव्हतं, आणि तो परत फिरकलाही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मावशीने खुरपं घेतलं आणि चुलीचं तोंड मोठं केलं. धूर परत घरात. यादीत ती चूल अजूनही 'बसवली' अशीच असणार.

हे खुरपं म्हणजे अडाणीपणा असं तो मजकूर म्हणेल. माझ्या मते मावशीने चुलीत सुधारणा सुचवली होती, फक्त ऐकायला कुणी नव्हतं. ओडिशातही असंच झालं. तिथे सुमारे 2,600 कुटुंबांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षी धूर कमी झाला, मग फायदा विरत गेला, कारण चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजी झाली नाही. चूल दर दिवाळीला लिंपावी लागणारी वस्तू आहे. ती बसवून निघून जाता येत नाही. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या 'आरती' या संस्थेने गावातल्याच कुंभारांना आणि कारागिरांना चुली घडवायला आणि विकायला शिकवलं, त्यात हाच शहाणपणा होता. चूल फुटली तर जायचं कुठे, हे बाईला माहीत असतं. लोकसहभाग म्हणजे उद्घाटनाला जमवलेल्या बायका नव्हेत. साचा ठरण्याआधी तिचं पातेलं, तिचा तवा आणि तिचं जळण बघितलं गेलं पाहिजे.

राहिली ती पुस्ती. हॅपिनमध्ये चुलीवाल्या बायकांच्या श्वासात घनमीटरला 70 मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण जात होते, गॅसवाल्यांच्या 24, तरी बाळांच्या वजनात लक्षणीय फरक दिसला नाही. मलावीत 10,000 हून अधिक मुलांवरच्या प्रयोगात सुधारित चुलींनी न्यूमोनिया कमी झाला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण यातून 'चूलच बरी' हा निष्कर्ष निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा 5 मायक्रोग्रॅम आहे, आणि 24 म्हणजे अजून जवळपास पाचपट. धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मा होत नाही, तो फार खाली यावा लागतो. आणि एका घराने तो कितीही खाली आणला तरी शेजारच्या चुल्हाणाचा धूर खिडकीतून आत येतोच. म्हणून मोजायची ती वस्ती, कनेक्शन नव्हे.

मावशीकडे आता गॅस आहे. चहा, भाजी, बऱ्याचदा भाकरीसुद्धा त्यावर होते. अंगणात पऱ्हाट्या पेटतात त्या पहाटे पाच वाजता, पाण्यासाठी. मागच्या दिवाळीत तिला विचारलं, तुला नेमकं काय हवंय? ती म्हणाली, भाकरीचं मी बघते, त्या पाण्याचं तेवढं काहीतरी करा.