‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हा समज माशांच्या जिवावर उठला आहे

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या मरीन टँकविषयीचा, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीविषयीचा, एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: समुद्री मासा टाकीच्या मापाएवढाच वाढतो, म्हणून दोन फुटी टाकीत आठ मासे खुशाल ठेवावेत, मिठाच्या पाण्यात घाण होत नाही, त्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा त्यात जास्त मासे मावतात, पहिल्याच दिवशी स्वस्तातले चार डॅमसेल मासे सोडले की टाकी ‘सेट’ होते, म्हणजे इतर माशांसाठी तयार होते, क्लीनर रॅस हा मासा ठेवला की साफसफाईची गरज उरत नाही, आणि चोर्ला घाट उतरून गेले की गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी व मासे दोन्ही फुकट मिळतात. खानापूरच्या माझ्या भाच्याने हे सगळे खरे मानून दोन फुटी टाकी विकत घेतली, आठ माशांची यादी केली आणि ‘मामा, यातला निळा टँग कुठे मिळेल?’ म्हणून मला फोन केला. तेव्हा गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

सर्वांत घातक दावा पहिला आहे. भाच्याची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. अडीच घनफुटांचे सुमारे 70 लिटर होतात आणि वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात 55 लिटरच्या आसपास पाणी उरते. निळा टँग दुकानात चार-पाच सेंटिमीटरचा दिसतो, पण पूर्ण वाढ झालेला मासा 30 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि या टाकीची रुंदीही नेमकी तेवढीच आहे. म्हणजे वाढलेल्या माशाला त्या टाकीत धड वळतासुद्धा येणार नाही. हा मासा प्रवाळखडकांवर दिवसभर पोहत चरणारा आहे. कोंडलेल्या, खराब पाण्यात त्याच्यावर ताण येतो, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला इतरांपेक्षा लवकर धरतो, डोक्यावरची व अंगाच्या बाजूची कातडी झडू लागते आणि वाढ खुंटते. या खुंटण्यालाच संदेशात ‘टाकीशी जुळवून घेणे’ म्हटले आहे. उपासमारीने मूल खुजे राहिले, तर ते घराच्या मापाने वाढले असे आपण म्हणतो का? बहुतेक वेळा असा मासा पूर्ण वाढीच्या आधीच मरतो, आणि ‘तो लहानच राहिला’ ही साक्ष मागे उरते.

या दाव्यात सत्याचा एक कण आहे, तो मी नाइलाजाने मान्य करतो. जीवशास्त्रज्ञ पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात क्लाउनफिशच्या एका जातीचा अभ्यास करून 2003 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिले, की एका समुद्रफुलावर (फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्यावर) राहणाऱ्या गटातील खालच्या क्रमांकाचे मासे आपली वाढ खरोखरच आवरून धरतात. पण ते हे करतात वरच्या क्रमांकाच्या माशाशी संघर्ष होऊन हाकलले जाऊ नये म्हणून. वरचा मासा नाहीसा झाला, की खालचा पुन्हा वाढू लागतो. या वाढीचा संबंध गटातल्या मानाच्या क्रमाशी आहे, काचेच्या भिंतींशी नाही. क्लाउनफिशच्या घरगुती राजकारणावरून निळ्या टँगविषयी काहीही सिद्ध होत नाही.

‘एका इंचाला एक गॅलन’, म्हणजे माशाच्या लांबीच्या दर इंचामागे एक गॅलन पाणी, हा हिशेबही त्याच संदेशात आहे. गोड्या पाण्यातल्या छोट्या, सडपातळ माशांसाठी तो कसाबसा चालतो. परंतु लांबी दहापट झाली की त्याच घडणीच्या माशाचे वजन हजारपट होते. तीन सेंटिमीटरच्या दहा माशांची एकूण लांबी आणि तीस सेंटिमीटरच्या एका माशाची लांबी सारखीच भरते, पण तो एक मासा त्या दहांच्या एकत्रित वजनाच्या शंभरपट भरतो, आणि खाणे व घाण दोन्ही वजनाच्या अंगाने वाढतात.

मिठामुळे घाण होत नाही, हे तर उलटेच आहे. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि समुद्री टाकीचा पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप) 8.1 ते 8.4 असा चढा असल्यामुळे त्यातला विषारी भाग सात पीएचच्या गोड्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. शिवाय त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात प्राणवायू सुमारे एक-पंचमांश कमी विरघळतो. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. हवेचा दाब कमी, म्हणून विरघळणारा प्राणवायू आणखी थोडा कमी. पावसाळ्यात आपल्याकडे रात्री वीज जाते, तेव्हा गर्दीच्या टाकीतले मासे सकाळी पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच, पण आठ माशांच्या टाकीत तोही फार वेळ पुरणार नाही.

डॅमसेल सोडून टाकी ‘सेट’ करण्याची पद्धत जुनी आहे, एवढे खरे. डॅमसेल चिवट असल्यामुळे कधीकधी तगतात, परंतु त्या काळात अमोनियाने त्यांच्या कल्ल्यांची होणारी होरपळ कोणी मोजत नाही. जे तगतात, ते टाकी आपली समजून नंतर आलेल्या प्रत्येक माशावर धावून जातात. मासे न सोडता, कोळंबीचा छोटा तुकडा पाण्यात ठेवूनही अमोनियाचा निकाल लावणारे जिवाणू वाढवता येतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा.

क्लीनर रॅस इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, तळाची घाण खात नाही; छोट्या टाकीत तो उपाशी मरतो. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी मिसळलेले असते, त्यामुळे त्याच्या खारेपणाचा भरवसा नाही. खडकांच्या डबक्यात सापडणारी गोंडस पिल्ले पुढे मोठी व भांडखोर होऊ शकतात. समुद्रघोडा किंवा प्रवाळ उचलून आणणे तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे.

भाच्याला मी पुढीलप्रमाणे सांगितले आहे. या टाकीत पैदास केंद्रात जन्मलेले, एकाच जातीचे दोन क्लाउनफिश ठेवावेत, एक थोडा मोठा आणि एक लहान. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केलेली असल्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. तिसरा क्लाउनफिश आणू नये, कारण जोडी जमली की ती त्याला टाकीत जगू देत नाही. तीन-चार आठवड्यांनी चाचणीत अमोनिया आणि जिवाणू त्यापासून बनवतात ते नायट्राइट दोन्ही शून्य दाखवत असतील, तर एखादा छोटा गोबी मासा सोडावा आणि तिथेच थांबावे. निळा टँग हवाच असेल, तर सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे सुमारे 680 लिटरच्या टाकीची जागा आणि खर्च आधी ठरवावा. मासा त्यानंतर शोधावा.