साईडपट्टीवरचे भेंडे

सिस्टर आज सायकल हातात धरून चालत आल्या. चेन उतरलेली, उजवं कोपर सोललेलं आणि हँडलला अडकवलेली कापडी पिशवी तळातून फाटलेली. पिशवीत पाच-सहा भेंडे तेवढे उरले होते.

"जुव्याहून दोन किलो घेतले होते," पारावर टेकत त्या म्हणाल्या. "बाकीचे रस्त्यावर. काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीचा आरसा कोपराला घासून पिशवीत अडकला, मी पडता पडता वाचले, आणि मागच्या टेम्पोने भेंड्यांची चटणी केली."

भाईंनी काही न विचारता आपल्या बाटलीतलं पाणी कोपरावर ओतलं. मास्तर समोरच्या हॉटेलात हळद मागायला धावले. सगळी नोकरी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलेल्या बाईला हळद लावायला निघाले होते, पण सिस्टरनी निमूट लावून घेतली. जुवें बेटावरचे ते हातभर लांब, फिकट, सात शिरांचे भेंडे गणेशचवथीच्या आगेमागेच मिळतात. पहाटे उठून सायकलने जाऊन आणलेले भेंडे रस्त्यावर चिरडलेले बघणं काय असतं, ते ज्याने आणलेत त्यालाच कळेल.

यानंतर पारावर सायकल की गाडी असा वाद रंगला. मी आधीच सांगून टाकतो, त्या वादात मी सिस्टरच्या बाजूचा आहे. आम्ही चौघं, म्हणजे सिस्टर, कदंब बसवाले भाई, मास्तर आणि मी, निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी पावणेसहाला आमच्या गोव्यातल्या माशेलातून निघतो. एरवी खांडोळा, सावई, असं वीसेक किलोमीटर. रविवारी अंगात जोर असला तर बाणस्तारी, ओल्ड गोवा, रायबंदर करत थेट मिरामार. जाऊन-येऊन चाळीसच्या घरात. आज मात्र सिस्टर एकट्याच जुव्याला गेल्या होत्या, कारण भाईंना चवथीच्या नेवऱ्या बाधल्या होत्या आणि मास्तर नि मी पावसाला बघून घरी थांबलो होतो. आम्ही सोबत असायला हवं होतं, हे मला दिवसभर टोचत राहिलं.

तेवढ्यात साहेब आले. साहेबांचं घर हाकेच्या अंतरावर, पण येतात गाडीने. ती पांढरी थोरली गाडी रोज साईडपट्टीवर लागते आणि तिची दोन चाकं डांबरावर असतात. सरकारात इंजिनिअर होते. त्यांचं बोलणं 'टेक्निकली'ने सुरू होतं आणि 'हे मी फाइलवर लिहिलं होतं'ने संपतं.

"टेक्निकली," कोपराकडे बघत साहेब म्हणाले, "चूक कोणाची ते नंतर ठरेल. पण या वयात कशाला ताई हा खटाटोप? रस्ता वाहनांसाठी असतो."

"सायकल वाहन नाही तर काय गणपतीवरच्या माटोळीला बांधायची वस्तू?"

"व्यायामच पाहिजे तर घरात उभी सायकल मिळते. पावसाचा त्रास नाही, कुत्र्यांचा नाही, गुरांचा नाही."

"उभ्या सायकलने जुव्याला जाता येत नाही."

"भेंडे बाजारात मिळतात."

"मिळतात. आणि ते आणायला तुम्ही गाडी काढता, ती माझ्या वाटेत लावता, मग मला विचारता की या वयात रस्त्याच्या मध्ये कशाला येता."

पातळ भाजी आणि पाव आले म्हणून हा फेरा इथे थांबला. साहेब चिवट. पाव बुडवत म्हणाले, "माझं ऐका, छोटीशी गाडी घ्या. नवीन नको. भाईंची मारुती ८०० घ्या. ते पासिंगच्या दहा हजारांचं आल्यापासून भाई ती काढणारच आहेत."

"कोण काढणार?" भाईंचा घास हातातच राहिला.

भाईंची ८०० म्हणजे २००५ सालची, २०२५च्या डिसेंबरात वीस पूर्ण. तिचं पुढचं पासिंग हा पारावरचा जुना विषय. आधी सहाशे रुपयांत व्हायचं, २०२२ पासून पाच हजार झाले आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. भाई महिनाभर त्यावरच बोलताहेत.

"टेक्निकली, भंगारात त्याहून थोडेच जास्त मिळतील."

"भंगारवाला रात्री दोन वाजता आमच्या आईला दवाखान्यात नेणार का?" भाई म्हणाले. "सायकल माझी, गाडी घराची. पावसात माणूस आजारी पडतं, मयताला जावं लागतं, चवथीचं सामान आणायचं असतं. मोटरसायकल टॅक्सीवाल्या पायलटच्या मागे बसवून ऐंशी वर्षांच्या म्हातारीला नेऊ? आठवड्यातून एकदा निघते, पण निघते तेव्हा हवी असते."

"आठवड्यातून एकदा निघणारी गाडी उभ्या उभ्या मरते," साहेब म्हणाले, आणि हे मात्र त्यांचं खरं होतं.

इथे भाई खुलले. त्यांनी आयुष्यभर बस चालवली, तरी त्या ८००बद्दल बोलताना गोठ्यातल्या गाईबद्दल बोलावं तसं बोलतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. चार दिवसांत ब्रेकशू ड्रमला गंजून चिकटतात. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. बॅटरीच्या टोकांवर पांढरा फुलोरा आला की गरम पाण्यात सोडा घालून धुवायचा, वर ग्रीस. संध्याकाळी बॉनेट उघडं ठेवायचं, उंदराला अंधार आणि ऊब दोन्ही लागतं. गेल्या पावसाळ्यात उंदराने वायरी कुरतडल्या, तेव्हापासून ते आत तंबाखूची पुडी टांगतात. दर रविवारी सायकलवरून आल्यावर मंगेशीपर्यंत जाऊन येतात, कारण नुसती जागेवर चालू करून बंद केली तर बॅटरी भरत नाही, उलट उतरते.

"आणि पेट्रोल?" मास्तरांनी काडी टाकली. मास्तर रोज तीन वर्तमानपत्रं वाचतात. "वीस टक्के इथेनॉल. २०२१च्या नीती आयोगाच्या अहवालातच लिहिलंय, जुन्या धर्तीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्के उतरेल."

"अठरा द्यायची, आता सतराही देत नाही," भाई म्हणाले. "त्याचंही चाललं असतं. पण इथेनॉल पाणी ओढतं. आपल्याकडे मोसमात एकशेवीस इंच पडतो, हवा कपडे वाळू देत नाही. अर्ध्या टाकीने महिनाभर उभी केली की झालं. रबराच्या नळ्या मी बदलून घेतल्या. टाकी भरलेली ठेवतो."

"इतकं सगळं करून गाडी निघते आठवड्यातून एकदा. आणि सायकलला काय लागतं?" सिस्टर म्हणाल्या. "पावसातून आलं की चेनवर गोडं पाणी, जुनं फडकं, चार थेंब तेल. बॅटरी उतरू नये म्हणून तुमच्या गाडीला मंगेशी लागते भाई, मला गुडघा उतरू नये म्हणून जुवें लागतं. एवढाच फरक."

भाईंनी मान डोलावली. साहेबांना वाटलं भाई आपल्याकडे आले.

"मग भाईच सांगतील. इतकी वर्षं बस चालवली. सायकलवाल्यांचा त्रास होत नव्हता?"

भाई लगेच बोलले नाहीत. पेला खाली ठेवला. "होत होता. मला सायकलवाला म्हणजे वाटेतला दगड वाटायचा. मोठी गाडी बाजूने जाते ना, तेव्हा तिच्या तोंडाचा वारा सायकलीला आधी बाहेर ढकलतो, आणि मधला भाग निघून गेला की आत ओढतो. स्टिअरिंगवर बसून ते कधीच कळलं नाही. निवृत्त झाल्यावर सायकलवर बसलो, बाणस्तारीच्या पुलावर एक बस बाजूने गेली आणि हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणालो, मी किती माणसांना असं हलवलं असेल."

पूल म्हटल्यावर पारावर क्षणभर कोणी बोललं नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्या पुलावर काय झालं ते इथे सांगायची गरज नाही. तिघं गेले. आम्ही अजूनही तिथे पोचलो की बोलणं थांबवतो.

"म्हणूनच म्हणतो," साहेब हळू आवाजात म्हणाले, "रस्ता तुमच्यासाठी राहिलेला नाही."

"राहिलेला नाही की राखलेला नाही?" सिस्टर उठल्याच. "साहेब, मी मधून का चालले होते ते सांगते. जुव्याचा पूल सोडला तेव्हा मी साईडपट्टीवर होते. पुढे साईडपट्टीवर खडीचा ढीग. तो टाळला. मग खड्डा, वर पाणी साचलेलं. पावसाला मी घाबरत नाही, पाण्याखालच्या खड्ड्याला घाबरते, कारण त्याची खोली कळत नाही. तोही टाळला. मग ओळीने तीन गाड्या उभ्या. उभ्या गाडीचं दार कधी उघडेल सांगता येत नाही, म्हणून हातभर अंतर सोडून जायचं. ते अंतर सोडलं तेव्हा मी डांबरावर आले. तिथे आरसा लागला. आता सांगा, मी मध्ये आले की मला मध्ये आणलं?"

साहेबांनी तोंड उघडलं.

"थांबा. गोव्यात २०११च्या गणतीत माणसं साडेचौदा लाख होती. गाड्या आता त्याहून जास्त नोंदल्यात. प्रत्येकाने गाडी घ्यावी हा तुमचा सल्ला गोव्याने कधीच ऐकलाय. आणखी एक मी घेतली तर ती कुठे लावू? तुमच्या मागे, साईडपट्टीवर? मग उद्या पाववाला पोदेर कुठून जाईल?"

आणि खरंच त्याच वेळी पोदेर येत होता. हे मी रचून सांगत नाही, त्याची वेळच ती. मागच्या कॅरिअरवर ती रुंद टोपली, वर निळं प्लास्टिक, पावसाचे थेंब त्यावर साचलेले. साहेबांच्या गाडीपाशी आला, मागून ट्रक येताना बघून पाय टेकला, टोपली एका बाजूला कलली तशी एक हात मागे नेऊन सावरली, ट्रक जाऊ दिला, रबरी भोंगा दाबला आणि गाडीला वळसा घालून गेला. पंचविशीतला पोरगा. त्याला कोणी विचारत नाही की या वयात सायकल कशाला.

आम्ही सगळे साहेबांच्या गाडीकडे बघत होतो. साहेब सोडून.

"साईडपट्टी दीड मीटर हवी, हे मी फाइलवर लिहिलं होतं," साहेब म्हणाले. "वर कोणी ऐकलं नाही."

"तुमचं म्हणणं ऐकू न जाण्याची सवय जुनी आहे," भाई म्हणाले, आणि मी ओळखलं की आता ८९ सालचं नाटक निघणार.

निघालंच. देवळातल्या काल्याच्या उत्सवाचं नाटक, ऐतिहासिक. साहेब सरदार, भाई विंगेत टॉर्च घेऊन प्रॉम्प्टर. दुसऱ्या अंकात सरदार तलवार उपसून पुढे आले आणि गप्प. साहेबांचं म्हणणं, सरदाराचं काम भाईंना हवं होतं, ते मिळालं नाही म्हणून भाईंनी मुद्दाम प्रॉम्प्ट दिला नाही. भाईंचं म्हणणं, तीनदा दिला, तिसऱ्यांदा तर पुढच्या तीन रांगांना ऐकू गेला. पण साहेबांनी भाड्याच्या ड्रेसवाल्याकडून दोन नंबर मोठा टोप घेतला होता, तो कानांवर उतरला होता.

"टोप मापाचा होता!"

"मापाचा होता तर संपूर्ण अंक एका हाताने का धरला होतात?" मास्तर म्हणाले. "मी पहिल्या रांगेत होतो. आम्हाला वाटलं सरदाराला लढाईत डोक्याला लागलंय."

"शेवटी वाक्य कोणी म्हटलं?" सिस्टरनी विचारलं. त्या लग्न होऊन माशेलात आल्या तेव्हा हे नाटक होऊन गेलं होतं.

"प्रेक्षकांनी!" भाई आणि मास्तर एकदम म्हणाले.

साहेबही हसले. साहेबांचं हसू पारावर क्वचित दिसतं, आणि मला तो माणूस तेव्हा आवडतो. हसता हसता त्यांनी हळद लावलेल्या कोपराकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, टेक्निकली..." आणि अडकले. पुढचं वाक्य काही येईना.

भाई सरकून त्यांच्या पाठीमागे गेले, तोंडाला हात लावला आणि विंगेतल्या आवाजात कुजबुजले, "मी माझी गाडी हलवतो."

साहेब बघतच राहिले.

"मी... माझी... गाडी..." भाई पुन्हा.

"अरे, ऐकू आलं!" साहेब ओरडले, आणि मास्तरांना ठसका लागला. हॉटेलातला पोरगा बशी हातात घेऊन बाहेर आला. सिस्टर दुखरा हात धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साहेबांनी खिशातून किल्ली काढली, सरदार तलवार काढतो तशी उंच धरली आणि गाडीकडे चालू लागले.

गाडी घरी लावून ते छत्री घेऊन चालत परत आले. तोवर पावसाची सर आली होती, भाईंनी सिस्टरच्या सायकलची चेन चढवली होती आणि साहेबांची उरलेली भाजी मास्तरांनी संपवली होती.