लुगलबांडा, इनन्ना आणि तीन टप्पे : एका प्रतिसादाला उत्तर

नमस्कार,

लुगलबांडा या प्राचीन सुमेरच्या (आजचा दक्षिण इराक) काव्यनायकावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. 'छान लेख, पुलेशु'पेक्षा असं भांडण केव्हाही बरं. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतो आहे. ज्यांनी प्रतिसाद वाचला नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांचा 'नायकाचा प्रवास' (सगळ्या वीरकथांचा एकच साचा) सुमेरियन काव्यांत सापडत नाही हे माझं विधान चूक आहे. घर सोडणं, संकटातून तावून सुलाखून निघणं आणि काही कमावून परतणं हे तिन्ही टप्पे लुगलबांडाच्या कथेत आहेत, इनन्ना देवीच्या पाताळयात्रेत तर ठळकपणे आहेत. उरुकचा राजा गिल्गमेश महापुरातून वाचून अमर झालेल्या झिउसुद्राकडे गेला ही गोष्ट फक्त अक्कादी (सुमेरियननंतरची तिथलीच भाषा) महाकाव्यातली, असं मी लिहिलं तेही चूक. आणि एकूणच, कॅम्बेलवरचा राग काढायला मी शब्दांचा कीस पाडतो आहे.

झिउसुद्राबद्दल तुम्ही बरोबर आहात. 'गिल्गमेशचा मृत्यू' या सुमेरियन कवितेत देवांची सभा भरते आणि त्याच्या कर्तृत्वाचा पाढा वाचला जातो. त्यात तो झिउसुद्राच्या घरी पोचल्याचा आणि विस्मरणात गेलेले सुमेरचे जुने विधी परत घेऊन आल्याचा उल्लेख आहे. मी तो साफ विसरलो होतो. लेखातलं वाक्य आज बदलतो. पण त्या उल्लेखाची जागाही बघा. तो दोन-चार ओळींत उरकतो, आणि एवढं सगळं करूनही तुला मरावं लागणारच, असं सांगण्यासाठी येतो. मित्राच्या मरणाने वेडापिसा होऊन अमरत्व शोधत रानोमाळ भटकणारा गिल्गमेश आपल्याला भेटतो तो अक्कादीत. तो मित्र, एन्किडू, सुमेरियन कवितांत बहुतेक ठिकाणी त्याचा चाकर आहे. त्या कविताही सुट्या सुट्या आहेत. किश नगराचा राजा अक्का याने उरुकला वेढा घातल्याच्या जेमतेम ११५ ओळींच्या कवितेत तर ना राक्षस, ना प्रवास. वडीलधाऱ्यांची सभा एक म्हणते, तरुणांची दुसरं, आणि शेवटी जुन्या उपकाराची फेड म्हणून गिल्गमेश शत्रूला सोडून देतो.

आता इनन्ना. कॅम्बेल यांनी १९४९च्या पुस्तकात तिची कथा घेतली ती सुमेरियनचे अभ्यासक सॅम्युअल नोआ क्रेमर यांच्या कामावरून. तेव्हा कवितेचा शेवट हाती नव्हता, ज्या मातीच्या पाट्यांवर ती कोरली होती त्या तिथे तुटलेल्या होत्या. इनन्ना सात दरवाज्यांत एकेक दागिना आणि वस्त्र उतरवत खाली जाते, पाताळाची राणी एरेश्किगल हिच्यापुढे मरून पडते, तिचं प्रेत खुंटीला टांगलं जातं. मग एन्की हा देव आपल्या नखांतल्या मळापासून दोन जीव घडवतो (हो, मलाही गणपतीची गोष्ट आठवली, पण बादरायण संबंध नको), ते तिला जिवंत करतात आणि ती भुतांच्या घोळक्यासह वर येते. पुढे? ती नवऱ्याला, दुमुझीला, सोडवायलाच खाली गेली असणार, असा अभ्यासकांत बऱ्यापैकी रुळलेला समज होता. येलच्या संग्रहातली एक पाटी वाचून क्रेमर यांनी १९५०-५१ मध्ये पुढचा भाग छापला, तर भलतंच निघालं. पाताळातून कोणी फुकट सुटत नाही, बदली माणूस द्यावा लागतो. भुतं आधी तिची दासी निनशुबुर हिच्यावर हात टाकतात. इनन्ना म्हणते, हिला नाही, हिने माझ्यासाठी शोक केला. असं करत सगळे कुलाबाच्या माळावर येतात (उरुकचाच भाग, आपल्या कुलाब्याशी काडीचाही संबंध नाही). तिथे नवरा उंची वस्त्रं घालून सिंहासनावर बसलेला! इनन्नाची नजर फिरते. याला न्या. शेवटी वर्षातला अर्धा काळ दुमुझीने आणि अर्धा त्याच्या बहिणीने, गेश्तिनन्नाने, पाताळात काढायचा असं ठरतं.

कॅम्बेलना दोष देत नाही, त्यांच्यापुढे पाटीच नव्हती. तुमच्या-माझ्यापुढे मात्र ती आहे. 'काही कमावून परतणं' या टप्प्यात इनन्नाचं परतणं कसं बसवायचं? ती येताना भुतं घेऊन येते आणि नवरा देऊन टाकते.

राहिला लुगलबांडा, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं. डोंगरांपलीकडच्या अराट्टा नगरावरच्या स्वारीत तो आजारी पडतो, भाऊ त्याला डोंगरातल्या गुहेत शिदोरीसकट सोडून जातात, तो बरा होतो. इथवर तुमचे टप्पे मला मान्य. मग तो अनझुद या महापक्ष्याच्या घरट्यातल्या पिल्लाला मधाचं गोडधोड आणि मेंढीची चरबी भरवतो, त्याच्या डोळ्यांत काजळ घालतो. पक्षी खूश होतो आणि म्हणतो, धान्याने भरलेली नाव घे, शारा देवाचे बाण घे, निनुर्ता देवाचं शिरस्त्राण घे. लुगलबांडा सगळ्याला नाही म्हणतो आणि मागतो काय, तर न थकता पळणारे पाय. वर पक्षी बजावतो की हे कोणाला सांगू नकोस. भाऊ विचारतात, एकटा एवढे डोंगर कसे ओलांडलेस? हा थाप मारतो : लांडग्यासारखा रानात चरत आलो. अराट्टाचा वेढा वर्षभर रेंगाळलेला असतो, राजा एनमेरकरला उरुकला इनन्नाकडे निरोप धाडायचा असतो आणि कोणी पुढे येत नाही. लुगलबांडा येतो, पण म्हणतो, एकटाच जाणार. सात डोंगर ओलांडून मध्यरात्रीच्या आत तो देवीपुढे हजर.

तुम्ही लिहिलंत की पुढे तो राजा झाला, म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं. ते राजा होणं सुमेरच्या राजावलीतलं आहे. तिथे मेंढपाळ लुगलबांडाच्या नावावर १२०० वर्षांचं राज्य आहे. कवितेत तो निरोप्याच राहतो. बक्षीस मिळालं ते पायांत, आणि ते खर्ची पडलं दुसऱ्याच्या कामात. मला ही कविता आवडते ती नेमकी यासाठी, आणि टप्पे लावले की पहिलं हेच निसटतं. टप्पे लागतात हो, कशालाही लागतात. सकाळी दूध आणायला गेलेला माणूसही घर सोडतो, रांगेत तावून सुलाखून निघतो आणि पिशवी घेऊन परततो.

रागाचं म्हणाल, तर कॉलेजात कॅम्बेल वाचूनच मी या पाट्यांकडे वळलो. ते ऋण आहेच.

एक विचारतो. लुगलबांडाने निरोप सांगितल्यावर इनन्ना काय उत्तर देते आठवतं? एकटं उभं असलेलं झाऊचं झाड तोडा, अमुक एक मासा पकडा, शिजवून माझ्या शस्त्राला नैवेद्य दाखवा, मग अराट्टा तुमचं. पुढे अराट्टाच्या तटाचं वर्णन, लुगलबांडाचा जयजयकार, आणि कविता संपते. मासा पकडला की नाही, अराट्टा पडलं की नाही, लुगलबांडा भावांकडे परत गेला की नाही, काहीच सांगितलेलं नाही. तुमच्या तिसऱ्या टप्प्यात हा मासा कुठे बसतो, ते खरंच लिहा.