चिडवल्याने मूल घडत नाही, गप्प होते

पुण्यातल्या पालकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मला तो चार वेगवेगळ्या गटांवरून आला आणि त्यातले दोन गट माझ्याच वर्गाच्या पालकांचे आहेत. त्याचा आशय असा: ‘आमच्या वेळी शाळेत चिडवाचिडवी होती, टोपणनावे होती, मधल्या सुट्टीत मारामाऱ्या होत्या, आणि त्यातूनच आम्ही घडलो. ज्याला चिडवतात तो मुळात अभ्यासात कच्चा असतो, हुशार मुलाला काही फरक पडत नाही. दादागिरी करणाऱ्या मुलात नेतृत्वाचे गुण असतात. सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे सोसले म्हणून त्या थोर झाल्या. मुलांची भांडणे मुलांनाच मिटवू द्यावीत, शिक्षकांनी मध्ये पडू नये.’

मी शहरातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. हा संदेश पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु त्यातला जवळजवळ प्रत्येक दावा चुकीचा आहे, आणि त्याची किंमत वर्गातली मुले मोजतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी शब्दांचा गोंधळ दूर केला पाहिजे. मित्रामित्रांतली थट्टा, कट्टी-बट्टी किंवा कबड्डीच्या मैदानावरची बाचाबाची म्हणजे छळ नव्हे. नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकात या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया घातला. त्यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली: तो जाणूनबुजून केलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन बाजूंच्या बळात असे अंतर असते की सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणे अवघड जाते. हे बळ शरीराचेच असते असे नाही. ते संख्येचे असू शकते, पैशांचे, भाषेचे किंवा आडनावाचे असू शकते. संदेशात ‘चिडवाचिडवी’ हा एकच शब्द वापरून या दोन्ही गोष्टी एका पोत्यात भरल्या आहेत, आणि पुढची सारी गफलत तिथूनच सुरू होते.

‘आम्ही त्यातूनच घडलो’ हे विधान कोण करते आहे, हे पाहावे. जे शिकले, नोकरीला लागले, पुण्यात घर घेऊन सोसायटीच्या गटात सामील झाले, तेच हे लिहीत आहेत. त्यांच्याच वर्गातला जो मुलगा नववीत शाळा सोडून गेला, जी मुलगी ‘पोटात दुखते’ म्हणून आठवड्यातून दोन दिवस घरी राहू लागली आणि पुढे तिचे शिक्षणच थांबले, ती माणसे या गटात नाहीत, त्यामुळे त्यांची साक्ष कोणी काढत नाही. अशी साक्ष नीट गोळा केली तर काय दिसते, याचे उत्तर ब्रिटनमधील एका दीर्घ अभ्यासात आहे. तेथे १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा मागोवा पुढे अनेक दशके घेतला गेला. त्यांपैकी ७,७७१ मुलांच्या पालकांनी, मुले ७ आणि ११ वर्षांची असताना, त्यांना इतर मुले त्रास देतात का याची माहिती दिली होती. ही मुले पन्नाशीला पोहोचल्यावरचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बालपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता अधिक आढळली आणि त्यांचे शिक्षणही तुलनेने कमी झालेले होते. म्हणजे ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी ज्या काळाचा दाखला दिला जातो, त्या काळातल्या मुलांनाही हे सोसणे मानवले नव्हते.

‘ज्याला चिडवतात तो मुळात कच्चा असतो, हुशार मुलाला फरक पडत नाही’ हा या संदेशातला सर्वांत घातक दावा आहे. कारण तो पटला की मुलाच्या घसरणाऱ्या गुणांचे खापर त्याच्याच डोक्यावर फुटते. अभ्यासात मागे असलेल्या मुलांना अधिक त्रास दिला जातो, इतके त्यात खरे आहे. पण प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरातल्या ११ शाळांमधील सुमारे २,३०० विद्यार्थ्यांचा सहावी ते आठवी अशी तीन वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक छळ सोसणाऱ्या मुलांच्या बाबतीत एखाद्या विषयात दीड श्रेणीपर्यंत (ए, बी, सी अशा श्रेण्यांतल्या दीड पायरीइतकी) घट दिसली, आणि वर्गातला त्यांचा सहभाग कमी असल्याचे शिक्षकांनीही नोंदवले. २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत, महिन्यातून अनेकदा छळ होत असल्याचे सांगणाऱ्या १५ वर्षांच्या मुलांचे वाचनातील गुण, घरची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात धरूनही, विकसित देशांमध्ये सरासरी २१ अंकांनी कमी भरले. भारत त्या वर्षी या चाचणीत सहभागी नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याचप्रमाणे, २०१० मध्ये ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांना छळ आणि शैक्षणिक यश यांच्यातला संबंध उलटा पण लहान आढळला, हेही मी लपवणार नाही. मात्र तो लहान का दिसतो, याचे एक कारण मला वर्गात उभे राहून कळले आहे: गुणपत्रिकेवर जे उतरते ते नुकसानीचे शेवटचे टोक असते.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगा मुळशी तालुक्यातल्या गावातून आमच्या शाळेत आला. प्रकट वाचनात तो ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाला. मी त्याला थांबवून उच्चार दुरुस्त केला, तो पुन्हा चुकला, मी पुन्हा दुरुस्त केला, आणि वर्ग हसला. मी तो हशा थांबवला नाही. त्या दिवसापासून चार-पाच मुलांनी त्याचे नाव ‘पानी’ ठेवले. मधल्या सुट्टीत ‘ए पानी’, व्हॅनमध्ये ‘ए पानी’, फळा पुसायला उठला तरी मागून तेच. दिवाळीनंतर तो वाचायला उभा राहीनासा झाला. ‘घसा बसलाय बाई,’ एवढेच म्हणायचा. यातली मला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट अशी, की त्याच सुमारास त्याने गणिताच्या आणि विज्ञानाच्या तासालाही प्रश्न विचारणे सोडले होते. बीजगणितात ‘ण’चा काय संबंध? पण प्रश्न विचारायचा म्हणजे तोंड उघडायचे, आणि तोंड उघडले की हशा. सहामाहीत त्याचे गुण फारसे घसरले नव्हते, म्हणून आम्हा कोणाच्याच ते लक्षात आले नाही. नववीत मात्र जे समजले नव्हते त्यावर पुढचे रचले गेले, आणि तो दोन विषयांत मागे पडला.

छळाचा पहिला परिणाम होतो तो असा. मूल हात वर करणे सोडते, शंका विचारत नाही, गटकार्यात शेवटच्या बाकावर सरकते. समवयस्कांनी सतत वगळलेल्या मुलांचा वर्गातला सहभाग आधी कमी होतो आणि त्यातून पुढे अभ्यास मागे पडतो, हे लहान वयाच्या मुलांवरील दीर्घ अभ्यासांतही दिसले आहे. दुसरा परिणाम लक्षावर होतो. गणित सोडवताना मधल्या पायऱ्या मनात धरून ठेवाव्या लागतात. त्यासाठी मेंदूकडे असलेली जागा मुळातच मर्यादित असते आणि भीती ती व्यापून टाकते. पाचव्या तासानंतर जिन्यात कोण उभे असेल, याचा विचार करणाऱ्या मुलाला चौथ्या तासाचे समीकरण कसे सुटणार? तिसरा परिणाम हजेरीवर होतो. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार, वारंवार छळ सोसणारी मुले शाळा बुडवण्याचे प्रमाण इतर मुलांच्या दुपटीहून अधिक आहे.

‘हुशार मुलाला फरक पडत नाही’ हे तर वर्गात एक आठवडा बसणाऱ्या कोणालाही पटणार नाही. पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलामुलींना ‘स्कॉलर’, ‘पुस्तकी किडा’, ‘बाईंची चमची’ म्हणून टोचले जाते, आणि त्यातली काही जण उत्तर येत असूनही खाली मान घालून बसतात. पूर्ण गुण मिळालेली उत्तरपत्रिका घडी घालून दप्तरात लपवणारी मुलगी मी पाहिली आहे. तिचे गुण शाबूत होते, म्हणून तिला काही झाले नाही असे म्हणायचे का?

दादागिरीत नेतृत्व पाहणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की ज्याच्या भीतीने इतर गप्प बसतात तो नेता नसतो. ओल्वेउस यांनी सहावी ते नववीत दादागिरी करणाऱ्या मुलग्यांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा त्यांपैकी सुमारे ६० टक्के २४ व्या वर्षापर्यंत किमान एका गुन्ह्यात दोषी ठरलेले होते, आणि ३५ ते ४० टक्क्यांना तीन किंवा अधिक शिक्षा झाल्या होत्या. छळाशी संबंध नसलेल्या मुलग्यांमध्ये हे दुसरे प्रमाण सुमारे १० टक्के होते. हा अभ्यास मर्यादित संख्येचा आणि एका देशातला आहे, त्यामुळे आपल्या प्रत्येक खोडकर मुलाचे भविष्य त्यावरून कोणी वर्तवू नये. पण धाक दाखवून काम होते, हा धडा तेराव्या वर्षी पक्का झालेल्या मुलाचेही नुकसान होते आहे, आणि त्याच्याकडे कौतुकाने पाहणारे पालक ते वाढवत आहेत, हे त्यातून नक्की कळते.

सावित्रीबाईंचा दाखला वाचून मला खरोखर वेदना झाली. भिडेवाड्याची जागा आमच्या शाळेच्या सहलीच्या वाटेवर येते, आणि तिथे थांबून मी मुलांना १८४८ सालच्या त्या शाळेविषयी सांगते. सावित्रीबाई शेणाच्या माऱ्यामुळे थोर झाल्या नाहीत. त्या माऱ्याला न जुमानता त्यांनी शिकवले, म्हणून त्या थोर आहेत. या दोन वाक्यांत जो फरक आहे तोच या संदेशाने पुसून टाकला आहे. शेण फेकणाऱ्यांना मुलींचे शिक्षण बंद पाडायचे होते, सावित्रीबाईंना कणखर करायचे नव्हते. शिवाय त्या एकट्या नव्हत्या. जोतिरावांची साथ होती, सगुणाबाईंचे पाठबळ होते, आणि आपण हे कशासाठी सोसतो आहोत याची स्पष्ट जाणीव होती. आठवीतल्या ज्या मुलाला आडनाव विचारून बाकावरून उठवले जाते, किंवा ज्या मुलीच्या रंगावरून वर्गाच्या गटात चित्रे फिरतात, त्यांच्यामागे कोण उभे असते? त्यांना सावित्रीबाईंचे नाव सांगून ‘सोस’ म्हणणे म्हणजे त्यांना शेण फेकणाऱ्यांच्याच हवाली करणे होय.

आता ‘शिक्षकांनी मध्ये पडू नये’ या शेवटच्या दाव्याकडे वळते. भांडण बरोबरीच्यांचे असते, म्हणून ते आपसात मिटू शकते. छळ बरोबरीच्यांचा नसतो, आणि एकाला पाच हे गणित एकट्याच्या हिमतीने बदलत नाही. ‘तूही एक ठेवून दे’ असा सल्ला घरून मिळालेली मुले बहुतेक वेळा अधिक मार खातात, आणि पर्यवेक्षकांच्या खोलीत दोघांनाही एकच शिक्षा होते. उलट, मध्ये पडल्याने फरक पडतो याचा पुरावा आहे. टोरोंटोतील शाळांच्या मैदानावर केलेल्या चित्रीकरणाच्या अभ्यासात असे दिसले, की छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती, १९ टक्के प्रसंगांतच कोणी मध्ये पडले, पण जेव्हा मुले मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के प्रसंगांत, तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्यानंतर देशव्यापी मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेत बर्गन शहरातल्या ४२ शाळांमध्ये वर्गाचे नियम, मधल्या सुट्टीतली देखरेख आणि पालकांशी बोलणे या साध्या उपायांनी दोन वर्षांत छळाच्या तक्रारी जवळपास निम्म्यावर आल्याचे ओल्वेउस यांना आढळले.

आपल्याकडे मध्ये पडणे हे कर्तव्यच आहे. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायद्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या केवळ महाविद्यालयांपुरती नाही, आणि लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी असे तो सांगतो. सीबीएसईने ९ मार्च २०१५ च्या परिपत्रकाने संलग्न शाळांना छळविरोधी समित्या नेमायला सांगितले. राज्यातल्या शाळांत तक्रारपेटी असायला हवी, असा शासनाचा आदेश आहे. पण पेटी मुख्याध्यापकांच्या दालनासमोर, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेली असेल आणि ती कोण, कोणत्या वारी उघडते हे मुलांना माहीत नसेल, तर तिचा उपयोग होत नाही. आमच्या शाळेत ती जिन्याखालून ग्रंथालयात हलवल्यावर चिठ्ठ्या येऊ लागल्या.

पालकसभेत आता मी पालकांना गुणांबद्दल बोलण्याआधी तीन गोष्टी विचारते. मूल डबा कोणाबरोबर खाते? गेल्या महिन्यात सकाळी डोके किंवा पोट किती वेळा दुखले, आणि ते रविवारीही दुखले का? त्याने वर्गात शेवटचा प्रश्न कधी विचारला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांना बहुधा देता येत नाही. ते घरी जाऊन मुलाला विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी कधीकधी एखादी आई शाळेच्या दाराशी माझी वाट पाहत उभी असते.