आठ दिवसांचं व्हिएतनाम आणि एक ऑफ तास

बावीस शिक्षक, सोळा तुकड्या आणि एकच प्रयोगशाळा यांचं वेळापत्रक मी गेली नऊ वर्षं लावते आहे. ही गोष्ट घरात कुणाला कळायला नको होती. पण दिवाळीला सगळे अकोल्याला जमले, फराळाच्या ताटावर धाकट्या दिराने "मे महिन्यात सगळे मिळून व्हिएतनाम!" अशी घोषणा केली आणि नऊच्या नऊ माना माझ्याकडे वळल्या.

"वहिनी, तुम्हाला काय, एका संध्याकाळचं काम!"

दिराला सुट्टी आठ दिवसांची, तीही जाण्यायेण्यासकट. मोठ्या कंपनीसोबत पन्नास जणांच्या बसमधून जायचं नाही, कारण जाऊबाईंना "मेंढरांसारखं" फिरायचं नव्हतं. आपला आपला छोटा ग्रुप, दहा जणांचा. दहा माणसांत मेंढरं कमी असतात आणि धनगर जास्त, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी नकाशा उघडला. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण साडेसोळाशे किलोमीटर लांब, आणि मध्ये एका जागी जेमतेम पन्नास किलोमीटर रुंद. तिथले लोक स्वतःच्या देशाला कावडीची उपमा देतात: उत्तरेला लाल नदीच्या खोऱ्यातली भाताची टोपली, दक्षिणेला मेकाँगच्या खोऱ्यातली, आणि मधली चिंचोळी पट्टी म्हणजे खांद्यावरचा बांबू. हे मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोठ्या हौसेने टाकलं. अकोल्याच्या माणसाला कावड समजावून सांगायची गरज नाही. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराच्या महादेवाला आणणारे आम्ही लोक. सासूबाईंनी लगेच जोडलेले हात पाठवले. दिराने लिहिलं, "म्हणजे दोन टोपल्या बघायच्या, बांबू गाळायचा. वेळ वाचेल."

वेळ वाचेल. पुढचे चार महिने हे दोन शब्द माझ्या कानात डासासारखे फिरत होते.

बांबू गाळायला पहिला विरोध नानांचा. आमचे सासरे रेल्वेत गार्ड होते आणि त्यांची उभी हयात अकोला-खंडवा मीटर गेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या मार्गावर गेली. धुळघाटाला ती गाडी डोंगराला वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायची, तो घाट ते आजही चहाच्या बशीत बोटाने काढून दाखवतात. पुढे गेज बदलायला घेतलं, मेळघाटातली जुनी गाडी कायमची गेली, आणि नाना त्या विषयावर घरातलं माणूस गेल्यासारखं बोलतात.

"उत्तरेचं हनोई ते दक्षिणेचं हो चि मिन्ह शहर, विमान दोन तास," मी म्हटलं.

"अन् रेल्वे?"

"सतराशे सव्वीस किलोमीटर. तीसपेक्षा जास्त तास लागतात."

"गेज?"

मला गेज विचारणारा हा पृथ्वीवरचा पहिला पर्यटक असावा. मी शोधलं आणि चूक केली ती वाचून दाखवण्याची. "मीटर गेज आहे, नाना. १९३६ साली पूर्ण झाली, युद्धात पूल उडाले, रूळ उखडले, आणि देश एक झाल्यावर १९७६च्या डिसेंबरात पुन्हा सुरू केली."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढे बाँब पडले बाप्पा, तरी त्याइनं मीटर गेज ठेवली. आपल्या इथं तं कोणी फटाका बी नाही फोडला."

आता या माणसाला विमानात बसवून ढग कसे दाखवायचे? मधल्या पट्टीतला दा नांग ते ह्वे हा शंभरेक किलोमीटरचा तुकडा रेल्वेने करायचं ठरलं. हाय व्हान घाटात गाडी समुद्राच्या अगदी कडेने जाते, तीनेक तास लागतात. दिराने "कारने दोन तास" असा एक क्षीण संदेश टाकला. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

दुसरा अडथळा पंचांगाचा. होई आन या जुन्या बंदराच्या गावात चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मालवून आकाशकंदील लावतात. ते बघायचं तर चतुर्दशी गाठायला हवी. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून हिशोब केला: तिसऱ्या दिवशी होई आन, म्हणजे सातव्या दिवशी हा लाँगच्या खाडीत बोटीवर मुक्काम. सगळं चपखल बसलं. मी इतकी खूश झाले, की सातव्या दिवशी काय येतं ते सासूबाईंनी सांगेपर्यंत लक्षातच आलं नाही.

"संकष्टी येते गं."

हा लाँगच्या खाडीत हजारावर बेटं आहेत, चुनखडीचे सुळके समुद्रातून सरळ वर आलेले. आता प्रश्न असा, की एखाद्या सुळक्यामागे चंद्र अडकला तर उपास सोडायचा कधी? त्याहून मोठा प्रश्न नणंदेने काढला: चंद्रोदय तिथला धरायचा की अकोल्याचा? व्हिएतनामचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, आणि चंद्र पूर्वेकडे आधी उगवणार. म्हणजे तिथे उपास इथल्यापेक्षा चांगला दीड-दोन तास आधी सुटतो. सासूबाईंना यात काहीतरी लबाडी वाटत होती. "फसवल्यासारखं होईल," त्या म्हणाल्या. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी त्यांनी देवळातल्या गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "ज्या गावचा चंद्र, त्या गावचा मोदक." साबुदाण्याची काळजी मात्र मिटली. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद व्हिएतनाममध्ये शेतंच्या शेतं पिकतो. ते लोक त्या कंदाचे गोळे नारळाच्या दुधात घालून गोड करून खातात, हे मी सांगितलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "खिचडी करता येत नसेल त्यांना."

आमच्या घरात चार जण शाकाहारी. व्हिएतनाममध्ये निम्म्या पदार्थांत माशाचं खारं पाणी पडतं, चटणीत, रश्शात, कुठेही. म्हणून मी शाकाहाराला काय म्हणतात ते शोधलं. शब्द सापडला: चाय. मग चहाला काय म्हणतात? तिकडे उत्तरेत चहाचा उच्चार जवळपास 'चा'. म्हणजे आपण सकाळी उठून हॉटेलात "चाय, चाय" केलं, तर समोर भाजी-भात येणार. बरं, ही भाषा सुरांवर चालते. हाच 'चाय' शब्द सूर वर चढवून म्हटला की त्याचा अर्थ होतो 'जळणं', आणि आग लागली की लोक तिथे तसंच ओरडतात. आमच्या सासूबाई चहाला हाक मारताना आवाज कुठल्या पट्टीत नेतात ते मला माहीत आहे. त्या एका हाकेवर अख्खं हॉटेल रिकामं झालं असतं. मी यादीत लाल अक्षरात लिहिलं, "आईंनी चहा मागू नये. खुणेने दाखवावे."

जावयांचं खाणं वेगळंच. घरच्या जावयाने 'आम्हाला काहीही चालतं' म्हटलं की समजावं, यादी येते आहे. त्यांना हनोईत अंड्याची कॉफी हवी होती. १९४६ साली दुधाची टंचाई होती, म्हणून तिथल्या एका हॉटेलातल्या माणसाने दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला आणि ती कॉफी चालली ती चाललीच. ही गोष्ट जावई जेवणाच्या पंगतीत तीनदा सांगून झाले होते आणि दर वेळी सासूबाईंनी पदर नाकाला लावला होता.

पैशांच्या बाबतीत मात्र सगळे एकदम श्रीमंत झाले. आपल्या एका रुपयाला तिथले साधारण ३०० डोंग मिळतात. माणशी नव्वद हजार धरून मी दहा जणांचा खर्च डोंगांत काढून ग्रुपवर टाकला: २७ कोटी. माझ्या मुलाने तो आकडा शाळेत सांगितला, आणि पालकसभेत त्याच्या वर्गशिक्षिका माझ्याशी जरा जास्तच आदराने बोलल्या. तिथे ५ लाखांची नोटही निळसर आणि २० हजारांचीही निळसर. एक साडेसोळाशे रुपयांची, दुसरी पासष्टची. हे कळल्यावर नवऱ्याने जाहीर केलं, की पैशांचा व्यवहार तो बघणार नाही. तसाही तो कुठला व्यवहार बघतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ऑनलाइन व्हिसाचा अर्ज पंचवीस डॉलरचा. तो भरताना कुठल्या विमानतळावर उतरणार तेही लिहावं लागतं. फोटो चष्म्याशिवाय हवा. नानांना चष्म्याशिवाय कॅमेरा कुठे आहे ते दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या पहिल्या सहा फोटोंत ते फ्रीजकडे बघत आहेत. सगळे अर्ज 'हो चि मिन्ह' म्हणून पाठवून झाल्यावर दिराचा फोन आला, "वहिनी, आपण उलटं केलं तर? हनोईपासून सुरू?" मी फोन ठेवला. नऊ वर्षांत मुख्याध्यापकांचा ठेवला नव्हता.

आता ऑफ तासाकडे येते, कारण सगळं महाभारत तिथे झालं.

वेळापत्रक लावताना प्रत्येक शिक्षकाला दिवसातला एखादा तास रिकामा ठेवावा लागतो, नाहीतर माणूस पाचव्या तासाला फळ्यावर स्वतःचंच नाव चुकीचं लिहितो. त्याच न्यायाने मी चौथ्या दिवशी होई आनमध्ये लिहिलं: 'दुपारी २ ते ५, मोकळे.' आठ दिवसांत चार विमानं, एक रेल्वे, एक बोट, दोनशे किलोमीटरच्या वर पसरलेली कू चीची युद्धातली भुयारं (अर्थात सगळी नाही, नानांची पाठ वाकेल तेवढीच), आणि हनोईतली राष्ट्रनेते हो चि मिन्ह यांची समाधी, जी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि बाकी दिवशी फक्त सकाळी उघडी, तीही मी नेमकी बसवली होती. या सगळ्यात फक्त तीन तास रिकामे.

शाळेत ऑफ तास दिसला की तिथे बदली तास लागतो. घरात दहा मिनिटांत लागला.

जाऊबाई म्हणाल्या, होई आनला चोवीस तासांत कपडे शिवून देतात, तर दुपारी मापं आणि फिटिंग. त्यांना सहा ब्लाऊज शिवायचे होते. मी म्हटलं, तिथला शिंपी कोट शिवतो, त्याला कटोरी ब्लाऊज कसा सांगणार? त्या म्हणाल्या, नमुना नेते. पुतणीला बा ना डोंगरावरचा तो पूल हवा होता, दोन प्रचंड हातांनी तोलून धरलेला सोनेरी. हात शेकडो वर्षांपूर्वीचे, शेवाळलेले दगडी वाटतात, पण पूल २०१८चा आणि हात फायबरग्लासचे. हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, "काकू, रीलमध्ये कळत नाही." तिथे जाऊन यायलाच दुपार सरली असती.

सासूबाईंनी काही मागितलं नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "तिकडे महादेव आहे म्हणे."

होता. 'मी सन' नावाची जागा, होई आनपासून चाळीसेक किलोमीटर. तिथल्या चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून तिथे शंकराची देवळं बांधली. १९६९ साली अमेरिकेच्या बाँबफेकीत त्यांतली कितीतरी पडली. आपलं पुरातत्त्व खातं तिथे डागडुजी करतं आहे, आणि २०२० साली खोदताना त्यांना नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग मिळालं. राजराजेश्वराच्या गावच्या बाईला चाळीस किलोमीटरवरच्या महादेवाला नाही म्हणणं मला जमेना. तो चौथ्या दिवशीच पहाटे पाचला बसवला. सगळ्यांनी पहाटे पाचला कुरकुर केली, म्हणजे आत्ताच, कागदावर.

पण दुपारचे तीन तास सुटेनात. रोज कुणीतरी ते पांढरे चौकोन बघून विचारायचं, "इथे काहीच नाही?" रिकामी जागा दिसली की आमच्या घराला खाज सुटते, परसात सीताफळ, सीताफळाखाली तुळस, तुळशीभोवती सदाफुली. नकाशातल्या दुपारचं तेच होणार होतं. नवरा म्हणाला, "काहीतरी लिहून टाक ना तिथे."

मी लिहिलं.

ह्वेच्या राजघराण्याचं नाव बघताना मला शोध लागला होता, की आपण ज्याला न्गुयेन न्गुयेन करत जीभ मोडतो, तो तर चक्क ङ. वर्षानुवर्षं मी मुलांना क-ख-ग-घ-ङ शिकवते आणि ङ ला 'वाङ्मय' सोडून उदाहरण देऊ शकत नाही. त्या देशात मात्र ङ ने सुरू होणाऱ्या नावाची माणसं पावलोपावली भेटतात. तर त्याच अक्षराचा आणखी एक शब्द मला सापडला होता. चौथ्या दिवशीच्या दुपारच्या चौकोनात तो मी ठळक केला आणि चौदावी प्रत ग्रुपवर टाकली:

'२ ते ५ : ङी चुअ.'

दहा मिनिटं शांतता. मग दीर: "हे काय आहे?"

"तिकडची फार जुनी परंपरा आहे," मी लिहिलं. "सगळा देश पाळतो."

जाऊबाई: "गर्दी असते का?"

"ज्याची त्याची जागा वेगळी असते."

पुतणी: "फोटो काढू देतात?"

"नाही. फोन बंद ठेवावा लागतो."

सासूबाईंनी संदेश न लिहिता थेट फोनच केला. "चपला बाहेर काढायच्या का गं तिथे?"

"हो आई. आणि डोळे मिटून घ्यायचे."

"बरं आहे बाई," त्या समाधानाने म्हणाल्या. "तिकीट?"

"फुकट."

रात्री जेवणं झाल्यावर मी भांडी आवरत होते. नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात फोन, चष्मा कपाळावर. त्यांच्या फोनला परक्या शब्दाचा अर्थ सांगता येतो, हे मी विसरले होते.

"ङी चुअ," ते म्हणाले. "म्हणजे वामकुक्षी."

मी काहीच बोलले नाही.

त्यांनी मागे वळून बैठकीत कोणी आहे का ते पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "पाचचे साहा कर बेटा."