एवढंच?

अटलांटात राहतो हा माझा गुन्हा आहे का? उन्हाळा लागला की पाहुणे हजर आणि फर्माईश एकच, सव्हाना शहर दाखव. चार तास गाडी मी हाणायची, आणि फोर्साइथ पार्कातलं १८५८ चं कारंजं बघून मामा म्हणणार, "एवढंच?" मग काय नायगरा हवा होता तिथे?

गावात २२ स्क्वेअर्स, म्हणजे बागेचे चौक आहेत, तिसऱ्यालाच मामी, "हा मघाशी झाला ना रे?" ओकच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉस लोंबतंय, लोक जगभरातून ते बघायला येतात, आणि हे म्हणे "किती जळमटं, कॉर्पोरेशन झाडत नाही का?" अहो मामा ती वनस्पती आहे, अननसाच्या कुळातली! तर मामी लगेच, "मग अननस कुठायत?"

जवळच्या टायबी बेटावरच्या लाइटहाउसला १७८ पायऱ्या, साठाव्या पायरीवर बसकण मारून चकलीचा डबा उघडला, मागे ही रांग, आणि मी सॉरी सॉरी करत उभा. बीचवर पाय ठेवताच, "गणपतीपुळ्याची सर नाही." मग जायचं होतं ना गणपतीपुळ्याला, कुणी धरून ठेवलं होतं?

आणि परवा मावशीचा मेसेज, "मामा म्हणाला सव्हाना फार छान आहे, आम्ही जूनमध्ये येतोय."